स्टीम इंजिन रंगवायचंय? आधी ते काय करतंय ते ठरवा

स्टीम इंजिनाची चित्रं काढणारे पुष्कळ आहेत आणि त्यातली बरीचशी बघितली की एकच गोष्ट खटकते. इंजिन अगदी रिव्हेट मोजून काढलेलं असतं, वर धूर असतो, खिडकीत एक माणूसही बसवलेला असतो, पण तिघांचा एकमेकांशी काही संबंधच नसतो. धूर सांगतोय की गाडी चढावर जीव काढून ओढतेय, ड्रायव्हर मात्र आपल्याकडे बघत निवांत, आणि चाक फिरवणारा कनेक्टिंग रॉड अशा जागी की ते चाक फिरूच शकणार नाही. हे टाळायचं तर ब्रश हातात घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, या क्षणाला हे इंजिन नेमकं काय करतंय? उभं आहे, सुटतंय, चढ चढतंय, सपाटीवर पळतंय, का वाफ बंद करून नुसतं घरंगळतंय? याचं उत्तर ठरलं की वाफ कुठून निघणार, रॉड कुठे असणार, भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनचे हात कुठे असणार हे सगळं त्याच्या मागोमाग येतं. तैलरंग, अ‍ॅक्रिलिक, वॉटरकलर काहीही वापरा, जिथे फरक पडतो तिथे सांगतोच.

थोडं यंत्र समजून घ्यावं लागेल, त्याला इलाज नाही. भट्टीत कोळसा जळतो, गरम वायू बॉयलरमधल्या नळ्यांतून पुढच्या स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे धुराड्याखालच्या पेटीत, येतात, पाण्याची वाफ होते, ती सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टन ढकलते. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण चित्रकारासाठी खरी गोष्ट याच्या पुढे आहे. पिस्टन ढकलून झालेली वाफ स्मोकबॉक्समधल्या एका पाइपातून जोरात धुराड्यात सोडतात आणि तो झोत जाताना भट्टीतला धूर आपल्याबरोबर ओढून नेतो, त्यामुळे मागे भट्टीत ताजी हवा खेचली जाते. म्हणजे इंजिन जितकं जोरात काम करेल तितकी आग आपोआप जास्त पेटते. धुराड्यावरचा झोत आणि फायरमनच्या तोंडावर पडणारा उजेड या दोन गोष्टी आतून जोडलेल्या आहेत, एक जोरदार आणि दुसरी मंद असं रंगवलं की माहीतगार माणसाला लगेच कळतं की इथे काहीतरी गडबड आहे.

आता एकेक अवस्था घेऊ.

इंजिन उभं असेल तर धुराड्यातून फक्त पातळसा धूर निघतो, वारा नसेल तर सरळ वर. सेफ्टी व्हॉल्व्हमधून मात्र वाफेचा फवारा उडत असू शकतो कारण प्रेशर वाढलेलं असतं आणि खर्च होत नसतं. ही वेळ माणसं दाखवायला सगळ्यात चांगली, कारण ती खाली उतरलेली असतात. ड्रायव्हर लांब चोचीचा तेलाचा डबा घेऊन चाकांच्या मधे वाकलेला असतो, फायरमन टेंडरवर, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर, चढून पाणी भरत असतो किंवा कोळसा पुढे ओढत असतो.

सुटताना सगळ्यात नाट्य असतं आणि नेमकं तेच लोक चुकीचं काढतात. उभ्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी साठतं, ते तसंच राहिलं तर पिस्टन आपटून नुकसान होईल, म्हणून सुटताना सिलिंडरचे ड्रेन कॉक, म्हणजे पाणी काढायच्या तोट्या, उघडे ठेवतात आणि पुढच्या बाजूला अगदी खाली, रुळांच्या उंचीला, दोन्ही अंगांनी वाफेचे पांढरे लोट आडवे फेकले जातात. पुढची चाकं त्यात अर्धी बुडून जातात. ही वाफ फक्त सुटताना पहिल्या काही फेऱ्यांपुरती, ताशी ८० किलोमीटरने पळणाऱ्या इंजिनाला ती काढलीत तर चित्र गेलं. त्याच वेळी वर धुराड्यातून एकेक वेगळा, जड, गोळा होऊन फुटणारा झोत निघतो. साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात असे चार झोत. भारतातल्या डब्ल्यूपी इंजिनाचं मुख्य चाक सुमारे १.७ मीटर व्यासाचं, म्हणजे एका फेऱ्यात गाडी जवळजवळ ५.३ मीटर पुढे जाते, म्हणजे दर सव्वा-दीड मीटरला एक झोत. हळू चाललेल्या गाडीचा धूर काढताना हे अंतर डोक्यात असलं की गोळ्यांची लय आपोआप बरोबर पडते, वेग वाढला की ते एकमेकांत मिसळून सलग पट्टा होतो.

चढावर इंजिन हळू पण पूर्ण ताकदीने चालतं, झोत उंच आणि उभा जातो, फायरमनने नुकताच कोळसा टाकला असेल तर त्यात करडा-काळा धूर मिसळलेला. सपाटीवर वेगात वाफ मागे आडवी पडते, डब्यांच्या छपरावरून लोळत जाते, कधी खाली येऊन ड्रायव्हरच्याच डोळ्यांसमोर, आणि म्हणूनच बऱ्याच इंजिनांना स्मोकबॉक्सच्या दोन्ही बाजूंना त्या उभ्या पत्र्याच्या झापा लावलेल्या दिसतात. त्या शोभेच्या नाहीत. उतारावर किंवा स्टेशन जवळ आल्यावर सिलिंडरला वाफ सोडणारा रेग्युलेटर बंद, धुराड्यावर जवळजवळ काहीच नाही, ड्रायव्हरचा हात ब्रेकवर आणि फायरमन पहिल्यांदाच जरा टेकलेला. ही शेवटची अवस्था फार कमी लोक रंगवतात, मला वाटतं धूर नाही म्हणून मजा नाही असा समज असेल. पण माणसं रंगवायची असतील तर याच्याइतकी चांगली वेळ नाही, चेहऱ्यावर आख्ख्या रनचा थकवा असतो.

वाफेबद्दल आणखी एक. खरी वाफ दिसतच नाही, आपल्याला दिसतं ते थंड हवेत परत पाण्याचे बारीक थेंब झालेलं ढगासारखं काहीतरी. म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हच्या किंवा शिट्टीच्या तोंडाशी थोडी जागा रिकामी, पारदर्शक असते आणि पांढरं त्याच्या जरा वरून सुरू होतं. चित्रात ही छोटी फट सोडलीत तर वाफेला लगेच दाब आल्यासारखा वाटतो, दोन मिनिटांचं काम आहे. थंड दमट हवेत वाफ दाट आणि खूप वेळ टिकते, कडक उन्हात कोरड्या हवेत लगेच विरते. त्यामुळे भर उन्हाळ्याचं निळं आकाश आणि हिवाळ्यातला भरगच्च पांढरा लोट एकाच चित्रात आणू नका.

आणि पांढरी वाफ पांढऱ्या रंगाने रंगवायची नाही, म्हणजे नुसत्या पांढऱ्याने. तेजस्वी आकाशासमोर तीच वाफ आकाशापेक्षा गडद, करडी दिसते, काळ्या डोंगरासमोर किंवा शेडच्या अंधारासमोर झगझगीत. एकाच लोटात दोन्ही होऊ शकतं, खालचा अर्धा भाग काळ्या बॉयलरसमोर उजळ आणि वरचा अर्धा आकाशासमोर गडद, आणि हा बदल जिथे होतो ती जागा चित्रातली सगळ्यात मजेशीर. सावलीच्या बाजूला थोडा अल्ट्रामरीन आणि चिमूटभर बर्न्ट सिएना, उन्हाच्या बाजूला टायटेनियम व्हाइटमध्ये अगदी थोडा पिवळा. कडा सगळ्या मऊ करू नका. नुकता बाहेर आलेला झोत वरच्या बाजूला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा टणक, कडा स्पष्ट, आणि मागे जाईल तसा फाटत विरत जाणारा. वॉटरकलरवाल्यांनी ती जागा आधीच कोरी ठेवायची, भोवतीचं आकाश ओल्यावर ओलं लावायचं आणि मागच्या कडा टिश्यूने टिपून घ्यायच्या, नंतर पांढरा गुवाश थापून वाचवायचा प्रयत्न केला की खडूसारखं दिसतं. तैलरंगात आकाश आणि वाफ एकाच बैठकीत ओलं असताना करा, आणि इंजिन झाल्यावर वाफेचे दोन-चार धागे इंजिनावरून पुढे आणा. लोटाची सावली पण पडते हां, डब्यांच्या छपरावर, बाजूच्या खडीवर. ती टाकली की लोट जमिनीशी जोडला जातो.

हे सगळं शिकायला दोन चित्रं नीट बघा. टर्नरचं १८४४ सालचं 'रेन, स्टीम अँड स्पीड', लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात इंजिन म्हणाल तर काळं धुराडं आणि पुढचा थोडा भाग इतकंच स्पष्ट, बाकी पाऊस आणि वाफ यांच्यात फरकच ठेवलेला नाही, पण पुलाची तिरकी रेघ इतकी ठाम आहे की वेग कळतो. दुसरं मोनेचं. त्याने १८७७ मध्ये पॅरिसच्या सेंट-लझार स्टेशनची डझनभर चित्रं केली, तिथे काचेच्या छपराखाली वाफ अडकते आणि निळी, जांभळट, राखाडी होते, पांढरी जवळजवळ कुठेच नाही. इंजिनाचे पार्ट शिकायला या दोघांकडे जाऊ नका, पण रंगवायचं काय आणि सोडायचं काय ते इथेच कळतं.

आता ड्रॉइंग. बॉयलर गोल म्हणून थेट नळकांडं काढायला जाऊ नका, आधी आख्ख्या इंजिनाची एक लांबट पेटी पर्स्पेक्टिव्हमध्ये बसवा आणि मग तिच्यात बॉयलर घाला. डोळ्यांची पातळी कुठे आहे ते आधी ठरवा. रुळांच्या बाजूला खडीवर उभं राहिलात तर इंजिन अंगावर येतं, फलाटावरून तेच बरंच माणसाळलेलं वाटतं, पुलावरून खाली बघितलं तर टेंडरमधला कोळसा आणि कॅबचं, म्हणजे ड्रायव्हर-फायरमनच्या खोलीचं, छप्पर दिसतं, आणि माणसं दाखवायची असतील तर हा शेवटचा कोन फारसा कोणी वापरत नाही, वापरा. समोरून बघताना एक घोटाळा नेहमी होतो, चाकं इंजिनाच्या अगदी बाहेरच्या कडेला काढली जातात. स्टँडर्ड गेजमध्ये दोन रुळांत अंतर फक्त १४३५ मिलिमीटर, इंजिनाचं अंग दोन्हीकडे त्याच्या कितीतरी बाहेर येतं, सिलिंडर तर चाकांच्याही बाहेर. आधी रूळ काढा, मग त्यावर वजन ठेवा.

चाकांची लंबवर्तुळं हा बहुतेकांचा कच्चा दुवा. नियम सोपा आहे, लंबवर्तुळाचा आखूड अक्ष हा नेहमी चाकाच्या आसाच्या दिशेत असतो, म्हणजे सगळ्या चाकांचे आस ज्या बिंदूकडे जातात तिकडे तो वळलेला. लांब अक्ष उभाच असला पाहिजे असं धरून काढलं की चाकं बाहेर पडल्यासारखी दिसतात. चाकांची संख्या इंजिनाच्या क्लासप्रमाणे, म्हणजे जातीप्रमाणे, ४-६-२ म्हणजे पुढे चार छोटी, मग सहा मोठी, मागे दोन छोटी, दोन्ही बाजू धरून. एका बाजूने त्याच्या निम्मीच दिसणार.

रॉडवर मात्र जरा वेळ घालवा, कारण जाणकार माणूस चित्रासमोर आला की त्याची नजर पहिली तिथेच जाते. मोठ्या चाकांना एकमेकांशी जोडणारा कपलिंग रॉड हा कायम रुळांना समांतर असतो, चाक कुठेही असो, वर खाली जाईल पण तिरका होणार नाही. पर्स्पेक्टिव्हमध्ये तो रुळांच्याच व्हॅनिशिंग पॉइंटकडे जाईल. तिरका होतो तो कनेक्टिंग रॉड, जो क्रॉसहेडपासून (पिस्टनच्या दांड्याच्या टोकाचा सरकता ठोकळा) मुख्य चाकाच्या क्रँकपिनला (चाकावर मध्यापासून बाजूला बसवलेली खुंटी) जातो. क्रँकपिन पुढे असेल तर क्रॉसहेड पण सिलिंडरच्या जवळ पुढे सरकलेलं, पिन मागे तर तेही मागे. प्रत्येक मोठ्या चाकावर पिनच्या विरुद्ध बाजूला चंद्रकोरीसारखं वजन असतं, मुख्य चाकावर ते जास्त मोठं. आणि दोन सिलिंडरच्या इंजिनात डाव्या-उजव्या बाजूच्या क्रँक एकमेकींशी ९० अंशात असतात, नाहीतर दोन्ही पिस्टन एकदम टोकाला अडकून इंजिन सुटणारच नाही. त्यामुळे समोरून काढताना एका बाजूचा रॉड खाली असेल तर दुसऱ्या बाजूचा मधे, दोन्ही एकाच वेळी अगदी तळाशी कधीच नाहीत. रॉड कुठे ठेवायचा हे चित्राच्या दृष्टीने ठरवायचं असेल तर मी खाली-मागे पसंत करतो, म्हणजे सगळं लोखंड जमिनीकडे झुकलेलं वाटतं आणि वर बॉयलरखाली हवा राहते. पण ही आपली आवड.

वेग दाखवायला सगळी चाकं एकसारखी पुसू नका. रुळावर लोळणाऱ्या चाकाचा रुळाला टेकलेला भाग त्या क्षणी स्थिर असतो आणि सगळ्यात वरचा भाग गाडीच्या दुप्पट वेगाने जात असतो. म्हणून खालचे आरे जरा स्पष्ट ठेवा आणि वरचे पुसट. कोणी विचारलं नाही तर लक्षातही येणार नाही, पण चाक फिरायला लागतं.

रंगाकडे येऊ. पहिली गोष्ट, सगळी इंजिनं काळी नव्हती. १९३८ मध्ये ताशी २०३ किलोमीटरचा रेकॉर्ड करणारं मॅलार्ड हे ब्रिटिश इंजिन गर्द निळं आहे, ग्रेट वेस्टर्न या ब्रिटिश रेल्वे कंपनीची इंजिनं हिरवी, तिथल्याच एलएमएस कंपनीची एक्स्प्रेस इंजिनं किरमिजी. जुन्या कृष्णधवल फोटोवरून काम करत असाल तर अजून एक सापळा आहे. त्या काळातल्या बऱ्याच फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, त्यामुळे लाल बफर बीम (इंजिनाच्या पुढच्या टोकाची आडवी पट्टी) फोटोत काळा येतो आणि निळं फिकट पांढरट. फोटोत काळं दिसलं म्हणून काळं लावायचं नाही, त्या क्लासची रंगसंगती वेगळी शोधून काढायची.

आणि काळं असेल तेव्हाही ट्यूबमधला काळा थेट नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून काळा करा, एकदा निळ्याकडे झुकलेला आणि एकदा तपकिरीकडे, असे दोन ढीग पॅलेटवर शेजारी शेजारी ठेवा. बॉयलरच्या वरच्या बाजूला आकाशाचा उजेड पडतो तिथे गार करडा पट्टा, मग मुख्य रंग, मग सगळ्यात गडद भाग, आणि अगदी तळाशी खडीवरून परत आलेला तपकिरी उजेड. सगळ्यात गडद भाग कडेला नसतो, कडेच्या थोडा आत असतो, एवढं सांभाळलं की नळकांडं फुगतं. स्मोकबॉक्स बॉयलरपेक्षा वेगळा दिसला पाहिजे, तो फार तापतो, तिथे रंग टिकत नाही, म्हणून चमक नाही, करडा-राखाडी, खालच्या बाजूला गंजाचा बर्न्ट सिएना. रॉड घासून तेल लावलेले असतात, त्यांच्यावर कडक बारीक चमक. कोळसा पण नुसता काळा नाही, तुटलेल्या बाजूंवर निळसर चकाकी असते, चाकूने दोन-चार चपटे फटके मारले की पुरतं, एकेक ढेकूळ रंगवत बसू नका.

म्युझियममधलं इंजिन बघून काम करणार असाल, यॉर्कचं नॅशनल रेल्वे म्युझियम किंवा दिल्लीचं रेल म्युझियम, तर जरूर जा, मापं घ्या, रिव्हेटांचे फोटो काढा, खाली वाकून मधलं लोखंड बघा, तसं परत कुठे बघायला मिळणार नाही. फक्त ते पॉलिश केलेलं, थंड पडलेलं यंत्र आहे हे विसरू नका. रोज धावणाऱ्या इंजिनावर टेंडरच्या झाकणाजवळ पाण्याचे पांढरे ओघळ असतात, जिथे व्हॉल्व्ह गळतो तिथे क्षारांचे डाग, फूटप्लेटवर, म्हणजे कॅबच्या उभं राहायच्या जागेवर, चढायच्या पायरीवर आणि दांडीवर हात-पाय लागून चकाकलेला धातू. ही शेवटची खूण मला सगळ्यात आवडते, माणूस चित्रात नसला तरी त्याचा हात तिथे असतो.

आता माणसं. कामाची उतरंड बहुतेक रेल्वेत सारखीच होती, पोरगेला मुलगा क्लीनर म्हणून लागायचा, पुढे फायरमन, आणि बऱ्याच वर्षांनी ड्रायव्हर. म्हणजे कॅबमधे दोन माणसं काढताना ती एका वयाची काढायची नाहीत. ड्रायव्हर प्रौढ, हालचाल कमी, नजर बाहेर, फायरमन तरुण, अंगाने कामात. दोघं शक्यतो एकमेकांकडे बघत नसतात, एक रुळाकडे आणि सिग्नलकडे, दुसरा आगीकडे किंवा प्रेशरच्या काट्याकडे. ड्रायव्हर कॅबच्या डाव्या बाजूला बसायचा की उजव्या, हे त्या त्या रेल्वेप्रमाणे बदलतं, तुमच्या इंजिनाचं नक्की करून घ्या, उलटा फोटो वापरला की हे हमखास फसतं.

फायरमन कोळसा फेकतो असं आपण म्हणतो, पण चांगला फायरमन फेकत नाही, पेरतो. थोडा थोडा, सारखा, भट्टीच्या पूर्ण जाळीवर पातळ थर राहील असा, आणि मागच्या कोपऱ्यांत टाकायला मनगट वळवून. चित्रात याचा अर्थ असा की फावडं डोक्यावर उचललेलं नसतं. कॅब अरुंद, मागे टेंडर आणि पुढे भट्टीचं दार, पाय जवळजवळ जागच्या जागी आणि कंबरेतून वळणं. मागचा हात मुठीवर, पुढचा हात दांड्यावर खाली, गुडघे थोडे वाकलेले, वजन भट्टीकडच्या पायावर. एक प्रयोग करा, झाडू घेऊन आरशासमोर किंवा मोबाइल लावून हीच हालचाल हळू करा आणि मधले फ्रेम काढा, सुरुवातीचा आणि शेवटचा नाही. खांदा कुठे जातो, शर्ट कुठे ताणतो ते त्यातूनच कळतं, बाहेर मॉडेल शोधायची गरज नाही.

कॅबमधल्या उजेडात चित्राची अर्धी किंमत आहे. भट्टीचं दार उघडं असताना खालून आणि पुढून नारिंगी-पिवळा उजेड, बाजूच्या खिडकीतून गार निळसर दिवस. हनुवटी, नाकाखालचा भाग, हाताची आतली बाजू गरम, कपाळ आणि खांद्याचा वरचा भाग गार. दार बंद तर गरम उजेड जवळजवळ नाहीच. जोरात काम करणाऱ्या इंजिनाची आग लाल नसते, पिवळी-पांढरी असते, लाल भट्टी म्हणजे मंद भट्टी. तेव्हा दाराच्या फटीत अगदी छोटी, जवळजवळ पांढरी जागा ठेवा, तिच्या कडेला पिवळा, मग नारिंगी, आणि त्याच्या लगेच शेजारी चित्रातला सगळ्यात गडद काळा. लाल फार मोठ्या जागेत पसरवलात की नाटकाचा सेट दिसतो. रात्रीचं चित्र असेल तर तोच उजेड कॅबच्या वर जाणाऱ्या वाफेच्या पोटाला लागतो, बाकी लोट काळोखात आणि फक्त खालची बाजू पेटलेली. आधी म्हटलं ना, झोत आणि आग जोडलेले, ते इथे उघड्यावर दिसतं.

काजळीने माखलेला चेहरा रंगवायची एक पद्धत सांगतो. आधी स्वच्छ चेहरा पूर्ण रंगवा, नेहमीचा त्वचेचा रंग, उजेड-सावलीसकट, आणि सुकू द्या. मग निळसर काळ्याचा अगदी पातळ थर त्यावर फिरवा आणि लगेच फडक्याने पुसा. नाकाचा शेंडा, गालाचं हाड, जिथे माणूस स्वतः बाही फिरवतो तिथून रंग निघतो आणि नाकपुड्यांच्या कडा, डोळ्यांच्या सुरकुत्या, मानेच्या घड्या इथे राहतो, अगदी खऱ्यासारखा. टोपी काढलेली असेल तर कपाळावर स्वच्छ पट्टा. घामाचे ओघळ एखाद-दुसराच. डोळ्यांचं पांढरं मात्र पांढरं करू नका, सावलीत ते करडंच असतं, नाहीतर माणूस दचकल्यासारखा दिसतो. कपड्यांचंही तसंच, सगळीकडे सारखी घाण नसते, जिथे हात पुसले जातात ती मांडी आणि पोटाजवळचा भाग तेलाने काळपट आणि चकचकीत, पाठ मात्र धुळीने फिकी. गळ्याला रुमाल बांधलेला, कारण निखाऱ्याचे कण कॉलरमधून आत जातात. आणि ड्रायव्हरच्या हातात किंवा खिशात सुताच्या गुंत्याचा गोळा, ज्याने तो सारखा काहीतरी पुसत असतो. रिकामा हात कसा काढायचा हा प्रश्न त्याने सुटतो.

इंजिनावरच्या दोघांपुरतंच थांबू नका. शेडमध्ये राख ओढणारा माणूस लांब सळई घेऊन खाली वाकलेला, भोवती धूळ आणि छपराच्या फटीतून आलेले उन्हाचे पट्टे. इंजिनाचं तोंड फिरवायच्या टर्नटेबलच्या दांड्याला रेटा देणारे दोघं. पहारीने रूळ सरकवणारे गँगमन, सगळ्यांचा कल एकाच दिशेला आणि एकाच वेळी, कारण एकत्र जोर लावला तरच रूळ हलतो, बाजूला एकजण आवाज देणारा उभा. सिग्नलमनच्या हातात लिव्हर ओढताना फडकं असतं, घासून चकचकीत केलेलं लोखंड घामाने गंजू नये म्हणून. गटाने काम करणारी माणसं कशी मांडायची हे बघायला मेंझेल या जर्मन चित्रकाराचं लोखंडाच्या कारखान्याचं मोठं चित्र शोधा, १८७२ ते १८७५ मध्ये केलेलं. तिथे रेल्वेचे रूळच लाटले जातायत, मधे तापलेलं लोखंड आणि कामाची झुंबड, पण एका कोपऱ्यात काही जण जेवतायत आणि दुसरीकडे काही जण अंग धुतायत. सगळेच कामात दाखवायची गरज नसते, उलट एक बसलेला माणूस बाकीच्यांची मेहनत जास्त दाखवतो.

मांडणीत इंजिनाचा गोल चेहरा आणि माणसाचा चेहरा यांची नेहमी मारामारी होते. दोन्हीला सारखा कॉन्ट्रास्ट दिला तर नजर टेबल टेनिस खेळते. एकाला निवडा. माणूस निवडलात तर इंजिन सरळ कापा, फक्त एक चाक, अर्धा सिलिंडर आणि त्याच्यासमोर तेलाचा डबा घेतलेला माणूस, बाकी वाफेत जाऊ द्या. त्या डब्ल्यूपीचं चाक रुळावर उभं असताना त्याची वरची कड १.७ मीटरवर, आणि माणूस उभा असतो खाली खडीवर, म्हणजे बहुतेकांच्या डोक्याच्याही वर ते चाक जातं. एवढं प्रमाण बरोबर पडलं की आख्खं इंजिन काढायची गरज राहत नाही. टेरेन्स क्युनिओ हा ब्रिटिश रेल्वे चित्रकार तर आपल्या चित्रात कुठेतरी एक बारीकसा उंदीर लपवायचा, लोक आधी तो शोधायचे. तुम्ही उंदीर काढू नका, त्याचा आहे तो.

कामाचा क्रम साधारण असा ठेवा. आधी कागदावर काडेपेटीएवढी पाच-सहा स्केचेस, फक्त काळं-पांढरं-करडं, त्यात वाफेचा आकार आणि इंजिनाचा आकार दोनच गोष्टी. त्यातलं एक निवडलं की शेजारी एका ओळीत लिहून टाका, 'सुटतंय, ड्रेन कॉक उघडे, ड्रायव्हर बाहेर डोकावून, फायरमन मागे गार्डच्या झेंड्याकडे'. ही ओळ समोर चिकटवून ठेवा. मग पूर्ण मापाचं ड्रॉइंग, मग बर्न्ट सिएनाचा पातळ हात सगळ्या कॅनव्हासवर, त्यावर गडद-उजळाचे मोठे तुकडे. आकाश आणि वाफ, मग इंजिनाचं मोठं अंग, मग माणसं, मग रॉड आणि चाकं, पाइप आणि रिव्हेट सगळ्यात शेवटी आणि फक्त जिथे नजर थांबावी असं वाटतं तिथेच. सावलीतले रिव्हेट दिसत नाहीत, काढायचे नाहीत, कितीही मोह झाला तरी. अ‍ॅक्रिलिकमध्ये काळा सुकल्यावर आणखी गडद होतो, तेव्हा पहिल्या हातात तो थोडा उजळच ठेवा.

झाल्यावर ती चिकटवलेली ओळ परत वाचा आणि चित्रातला प्रत्येक लोट तिच्याशी ताडून बघा, जो बसत नाही तो पुसा, कितीही सुंदर झालेला असो. जमलं तर एखाद्या निवृत्त रेल्वेवाल्याला दाखवा, तो रंगाबद्दल काही बोलणार नाही पण हा पाइप इथून कुठे जातो असं विचारेल, आणि तो प्रश्न फुकट मिळालेला असतो. तैलरंगातले काळे भाग सुकल्यावर पांढरट, मेलेले दिसतात, तिथे घाबरून परत काळा लावू नका. जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात बोटाने चोळा आणि जास्तीचं फडक्याने पुसून घ्या, रंग परत वर येतो. वार्निश मात्र जाड पांढरं पूर्ण सुकेपर्यंत थांबून, त्याला कित्येक महिने लागतात. आणि वार्निश अगदी चकचकीत घेऊ नका, एवढ्या काळ्या चित्रावर समोरची खिडकी जशीच्या तशी दिसते.